रोपाचं वय कुठून मोजायचं? बी, छाट कलम आणि टिश्यू कल्चर



वनस्पतिशास्त्र किंवा उद्यानविद्या घेऊन पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा विषय शेवटी एका वाक्यावर येऊन थांबतो: "अमुक झाडाची रोपं तयार करण्याची पद्धत प्रमाणित करणे." विषय वाईट नाही. शोधगंगेवर किंवा कृषिकोशावर शोधलंत तर असे कितीतरी प्रबंध सापडतील. अडचण येते ती मुलाखतीत. समोरचे सर विचारतात, "बियांपासून रोप येतंय की. मग काडी का लावताय? आणि काडी लागतेय तर टिश्यू कल्चर कशाला?" यावर "लवकर आणि जास्त रोपं मिळतात" एवढंच सांगितलं तर दुसऱ्या प्रश्नाला आपण अडकतो.

म्हणून आज या तीन पद्धती एका वेगळ्या बाजूने समजून घेऊ. रोप कसं तयार करायचं याची कृती कुठल्याही पुस्तकात मिळते. आपण आधी विचारू: नवं रोप जुन्या झाडाकडून सोबत काय घेऊन येतं?

तीन गोष्टी सोबत येतात

पहिली गोष्ट म्हणजे जनुकं. बी सहसा दोन झाडांच्या मेळातून तयार होतं, म्हणून प्रत्येक बी थोडं वेगळं. काडी किंवा टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे त्याच झाडाची प्रत.

दुसरी गोष्ट रोग. बरेचसे विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत (काही जातात, अपवाद आहेत). काडीत मात्र ते आरामात बसून येतात.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे वय. आपल्याकडे हे शेतकऱ्याला चांगलं माहीत असतं, फक्त तो या शब्दांत सांगत नाही. कोयीपासून लावलेल्या आंब्याला फळ यायला सात-आठ वर्षं किंवा जास्तही लागतात आणि कलमी केसर तीन-चार वर्षांत मोहरतो. का? कारण कलमाची काडी वयात आलेल्या झाडाची आहे. खुंट लहान असला तरी वरचा भाग आधीच "मोठा" झालेला आहे. तुम्ही लावलेलं रोप एक वर्षाचं दिसतं, पण त्याची काडी वीस वर्षांची असू शकते.

हे तीन मुद्दे डोक्यात ठेवून आता एकेक पद्धत बघू.

बी: घड्याळ शून्यावर

बियातून आलेलं रोप खऱ्या अर्थाने नवीन. वय शून्य, जनुकांची नवी जुळणी आणि खाली सरळ जाणारं सोटमूळ. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा भागात रस्त्याकडेचं झाड पहिले दोन उन्हाळे कसं काढतं यावर सगळं अवलंबून असतं. तिथे सोटमुळाला महत्त्व आहे. अर्थात बियांचं रोपही पॉलिथीनच्या पिशवीत वर्षभर ठेवलं तर सोटमूळ तळाशी गोल फिरत राहतं. म्हणजे "बियांचं रोप आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, पिशवी फाडून मूळ बघा.

संशोधनाचा प्रश्न इथे उगवणीत असतो. तीन झाडं घेऊ.

बहावा: बियांचं कवच इतकं घट्ट की पाणी आतच जात नाही. आतला गर्भ जिवंत आणि तयार असतो, अडथळा फक्त दाराचा आहे. याला भौतिक सुप्तावस्था म्हणतात. ओळखायची सोपी चाचणी: २० बिया मोजून घ्या, वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन जवळपास तेवढंच राहिलं तर पाणी आत गेलेलं नाही. मग सँडपेपरने घासणं, गरम पाणी, किंवा प्रयोगशाळेत देखरेखीखाली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड असे उपाय येतात. गुलमोहराचंही असंच. बघा, या प्रयोगाला साधा तराजू पुरतो.

कडुनिंब: इथे उलट. दार उघडंच आहे, पण आतलं बी लवकर मरतं. उन्हाळा संपता संपता पडलेल्या निंबोळ्या ताज्या पेरल्या तर छान उगवतात. तशाच पोत्यात भरून ठेवल्या तर काही आठवड्यांत उगवण घसरत जाते.

जांभूळ: बी वाळलं की संपलं. शिवाय एक गंमत आहे. जांभळाच्या एका बीतून कधीकधी दोन-तीन रोपं येतात. त्यातली काही आईच्याच पेशींपासून तयार झालेली, म्हणजे आईची प्रत असू शकतात. "बी म्हणजे वेगळेपणा" हा नियम तिथे डळमळतो. तुमच्या प्रबंधात जांभूळ असेल तर हे आधी वाचून ठेवा.

काडी: वय आणि जागा दोन्ही सोबत

आता छाट कलम. बोगनवेल, जास्वंद, मोगरा, चाफा ही घरोघरची उदाहरणं. बोगनवेलीच्या बागेतल्या अनेक जातींना बी धरतच नाही, त्यामुळे तिथे काडीशिवाय इलाज नाही. वडाच्या फांदीला तर मुळं फुटायची सवयच असते. जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर रोवली तरी ती धरते.

काडीला मुळं का फुटतात? झाडात ऑक्झिन नावाचं संजीवक शेंड्याकडे तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली बुडख्याकडे सरकतं. काडी कापली की खाली जायची वाट बंद होते, ऑक्झिन कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथे मुळं धरतात. म्हणूनच काडी उलटी लावली तर बहुतेक वेळा लागत नाही. काडीला आपली खाली-वर दिशा माहीत असते. नर्सरीत मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे बहुधा आयबीए, हे ऑक्झिनाच्या कुटुंबातलंच संजीवक.

इथे प्रयोग आखताना एक जागा आहे जिथे परीक्षक हमखास बोट ठेवतात. आयबीए पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आपण ते थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालतो. अशा वेळी तुमचा कंट्रोल काय? नुसत्या पाण्यात बुडवलेली काडी हा अपुरा कंट्रोल आहे. तेवढंच अल्कोहोल असलेलं, पण आयबीए नसलेलं पाणी हवं. नाहीतर फरक आयबीएमुळे पडला की अल्कोहोलमुळे, हे सांगता येणार नाही. पावडर वापरली तर नुसती टाल्क पावडर लावलेल्या काड्या हव्यात.

आता वयाकडे या. रोपवयातल्या झाडाची काडी सहज लागते. त्याच जातीच्या मोठ्या, फुलणाऱ्या झाडाची काडी हट्ट करते. आयव्ही या परदेशी शोभेच्या वेलीत हे स्पष्ट दिसतं. तिच्या लहानपणाच्या वेलीची काडी लावली तर वेल येते, फुलणाऱ्या मोठ्या फांदीची लावली तर झुडूप येतं आणि झुडूपच राहतं. झाड एकच, जनुकं तीच.

वयाइतकीच जागाही महत्त्वाची. नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून विकलं जाणारं अरौकेरिया घ्या. त्याच्या शेंड्याची काडी लावली तर झाड सरळ उभं वाढतं. बाजूच्या फांदीची लावली तर ते रोप आडवंच वाढत राहतं, कुंडीत कितीही वर्षं ठेवा. फांदी जणू आपण फांदी आहोत हे विसरत नाही. म्हणून तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात "निरोगी झाडाच्या काड्या घेतल्या" असं एका ओळीत उरकू नका. झाडाचं अंदाजे वय, फांदी उंचीवर कुठे होती, शेंड्याची की बाजूची, कोवळी की पक्व, कुठल्या महिन्यात घेतली, हे सगळं लिहा. दुसऱ्याला तुमचा प्रयोग जमला नाही तर कारण बहुधा याच ओळीत लपलेलं असतं.

मोठं झाड हट्ट करत असेल तर त्यावरही उपाय आहे. ते बुंध्याजवळून छाटलं की खोडातून नवे धुमारे येतात. हे धुमारे वयाने "लहान" वागतात आणि त्यांच्या काड्या जास्त सहज लागतात.

बाटली: टिश्यू कल्चरने नेमकं काय मिळतं?

१९०२ साली हाबरलांट या शास्त्रज्ञाने कल्पना मांडली की वनस्पतीच्या एकेका पेशीपासून पूर्ण वनस्पती तयार होऊ शकेल. त्याला स्वतःला ते जमलं नाही. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवलं की ऑक्झिन आणि सायटोकायनिन यांचं प्रमाण बदललं की मुळं फुटायची की कोंब, हे बदलतं. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यम प्रसिद्ध केलं. आज प्रत्येक प्रयोगशाळेत "एमएस मीडिया" म्हणतात तो हाच. कृती तुम्हाला माहीत असेलच: साखर साधारण ३ टक्के, अगार, सामू ५.८ च्या आसपास, १२१ अंशावर ऑटोक्लेव्ह.

आकड्यांची ओढ इथूनच लागते. महिन्याला एका कोंबाचे चार झाले, तर सहा महिन्यांत कागदावर ४,०९६. पण नुसत्या संख्येसाठी टिश्यू कल्चर करायचं असेल तर आधी काडीचा हिशोब मांडा. बोगनवेल काडीने सहज येते, तिला बाटलीत घालायला वेगळं कारण लागेल. ती कारणं खरी तर तीन आहेत.

एक, रोग टाकून देता येतो. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणू लागलेल्या डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग वाढवून विषाणूमुक्त रोपं मिळवली. शेंड्याच्या टोकाशी विषाणू सहसा कमी असतो किंवा नसतोच, याचा त्यांनी फायदा घेतला.

दोन, ज्याला बी धरत नाही आणि काडीही नीट लागत नाही, अशा निवडक झाडाच्या प्रती करता येतात. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हस यांच्या गटाने १९८० मध्ये सागवानाची रोपं टिश्यू कल्चरने तयार केल्याचं प्रसिद्ध केलं, तेही शंभर वर्षांच्या झाडांच्या कळ्यांपासून. सागवान बियांपासून येतंच. पण उत्तम म्हणून निवडलेलं झाड हुबेहूब हवं असेल तर बी उपयोगाचं नाही, आणि ते झाड चांगलं आहे हे कळेपर्यंत ते म्हातारं झालेलं असतं. काडी हट्ट करते. तिथे बाटलीला अर्थ आहे.

तीन, वारंवार नव्या माध्यमात बदलत गेल्यावर जुन्या झाडाचे कोंब मुळं फुटण्याच्या बाबतीत पुन्हा "लहान" वागू लागतात. पण सावध राहा. मुळं फुटण्यापुरतं लहान झालं म्हणजे सगळ्याच बाबतीत लहान झालं असं नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आता उभं राहतंय.

बांबू: जिथे वय चुकलं तर शेतकरी बुडतो

२०१७ मध्ये कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू "वृक्ष" या व्याख्येतून निघाला आणि तोडीची अडचण कमी झाली. औसा तालुक्यातल्या लोदग्यातून माजी आमदार पाशा पटेल यांनी बांबू लागवडीचा आग्रह धरला. आता रेणापूर, औसा, निलंगा कुठेही जा, सोयाबीनच्या बांधावर बांबू लावायची चर्चा ऐकू येते. बागेच्या कुंपणाला शोभेचा बांबू तर आधीपासून आहेच.

बांबूचं वेगळेपण असं की अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, तेही सगळ्या मिळून, आणि मग मरतात. काटेरी बांबू, म्हणजे आपला कळक, साधारण तीस-चाळीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा फुलतो. मिझोराममधला मेलोकाना बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. तो १९५८-५९ मध्ये फुलला, बियांवर उंदीर माजले, त्यांनी पिकं खाल्ली आणि दुष्काळ पडला. पुढे तो २००६-०८ च्या सुमारास पुन्हा फुलला.

आता वयाचा मुद्दा लावा. एखाद्या शेतकऱ्याने ३५ वर्षांच्या बेटातला कंद खणून आणून लावला. त्याच्या लेखी बांबू आज लावला. पण बांबूच्या घड्याळात ३५ वर्षं झालेली आहेत. मूळ बेट फुललं की त्याच सुमारास हे नवं बेटही फुलू शकतं आणि मरू शकतं. चाळीस वर्षांच्या उत्पन्नाचा हिशोब पाच वर्षांत संपेल. टिश्यू कल्चरच्या रोपालाही हे लागू पडतं. मूळ ऊती मोठ्या बेटातली असेल तर बाटलीत घातल्याने हे घड्याळ शून्यावर आलं, असं गृहीत धरू नका. बियांपासून सुरुवात केली तर वय माहीत असतं, पण बी दशकांतून एकदा मिळतं. आणि बाल्कोआसारख्या सध्या लोकप्रिय जातीला बी धरल्याचं सहसा दिसतच नाही, म्हणजे तो रस्ताही बंद.

याच विषयावर पुण्यातलं आणखी एक काम प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं असं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रजनी नाडगौडा, पारशरामी आणि मस्कारेन्हस यांनी १९९० मध्ये "नेचर"मध्ये प्रसिद्ध केलं की बाटलीत वाढवलेल्या काटेरी बांबूला बाटलीतच फुलं आली आणि बीही धरलं. माध्यमात सायटोकायनिन आणि नारळपाणी होतं. दशकांनी घडणारी गोष्ट काही महिन्यांत बाटलीत घडली. नुसती रोपं विकायची असती तर बाटलीत आलेली फुलं म्हणजे नुकसान, बाटली फेकून दिली असती. त्यांनी तिथे प्रश्न पाहिला: बांबूचं घड्याळ नेमकं कशावर चालतं? बाहेरून ते पुढे ढकलता येतं का? संशोधन आणि रोपवाटिका यांतला फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

मराठवाड्यात प्रयोग आखताना

काही गोष्टी पुस्तकात सुट्या सुट्या असतात, इथे एकत्र देतो.

१. एका झाडाच्या ६० काड्या म्हणजे ६० झाडं नव्हेत. त्यावरून तुम्हाला त्या एका झाडाबद्दल कळतं, जातीबद्दल नाही. टिश्यू कल्चरमध्येही एका कळीपासूनच्या १०० बाटल्या म्हणजे एकच नमुना. १९८४ मध्ये हर्लबर्ट यांनी अशा खोट्या पुनरावृत्तीवर सविस्तर लिहिलंय. शक्य तेवढी वेगवेगळी मातृवृक्षं घ्या, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि विश्लेषणात तो क्रमांक ठेवा.

२. "यश" म्हणजे काय हे आधी लिहून ठेवा. काडीला पानं फुटली म्हणजे ती लागली असं नाही, साठवलेल्या अन्नावरही पालवी येते. मूळ मोजा. आणि शेवटची मोजणी बाटलीत करू नका, मातीत ६० किंवा ९० दिवसांनी करा.

३. बुरशी लागलेल्या बाटल्या हिशोबातून गायब करू नका. किती लावल्या, किती गेल्या, किती उरल्या, तिन्ही आकडे द्या.

४. हार्डनिंगचा महिना आधी ठरवा, मग मागे मोजत सुरुवातीची तारीख काढा. बाटलीत हवा दमट असते, त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रं वेळेवर मिटत नाहीत. असं रोप एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत बाहेर काढलं तर ते तासाभरात मान टाकतं. दोन वर्षांचं काम एका दुपारी जाऊ शकतं. जुलै ते सप्टेंबरच्या दमट दिवसांत रोपं बाहेर येतील असं वेळापत्रक करा, वर प्लास्टिकचं आच्छादन ठेवा आणि ते तीन-चार आठवड्यांत हळूहळू उघडा.

५. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं. माध्यमासाठी डिस्टिल्ड पाणीच. रोपवाटिकेत जे पाणी द्याल त्याचा सामू आणि क्षार मोजून प्रबंधात लिहा.

६. प्रयोगशाळा नाही म्हणून विषय सोडू नका. लॅमिनार आणि ऑटोक्लेव्ह नसेल तर बियांची सुप्तावस्था आणि काड्यांचं वय हे दोन्ही विषय शेडनेट, वाळू, पिशव्या आणि वही यांवर होतात. चांगली नोंद असलेला साधा प्रयोग, अर्धवट राहिलेल्या महागड्या प्रयोगापेक्षा केव्हाही बरा.

तर मुलाखतीत काय सांगाल?

वेगळेपणा हवा, वय शून्य हवं, सोटमूळ हवं तर बी. रस्त्याकडेची, गावशिवारातली झाडं बहुतेक याच गटात येतात. सगळी एकाच झाडाची प्रत लावली तर एका रोगाने सगळी जातात. ग्रो मिशेल केळी पनामा रोगाने अशीच बाजारातून गेली. ठरावीक रंगाचं फूल, ठरावीक आकार आणि लवकर फुलणं हवं, काडीही लागते, तर छाट कलम. निवडक झाड, बी उपयोगाचं नाही, काडी हट्टी किंवा रोगट, तर टिश्यू कल्चर.

आणि पद्धत कुठलीही असो, प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक ओळ जरूर घाला: "या रोपांचं मूळ झाड कोणतं, त्याचं वय किती आणि भाग कुठला घेतला." ही ओळ ज्याच्या प्रस्तावात असते, त्याला "काडी का लावताय?" या प्रश्नाची भीती वाटत नाही.

पुढच्या लेखात काड्यांच्या प्रयोगाची नोंदवही कशी आखायची, कोणते रकाने ठेवायचे आणि टक्केवारीच्या आकड्यांचं विश्लेषण कसं करायचं ते बघू. तोपर्यंत एक गृहपाठ: तुमच्या घराजवळच्या तीन शोभेच्या झाडांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर ते बियातून आलंय की काडीतून, हे शोधून काढा. नर्सरीवाल्या काकांना विचारा. ते कुठल्या महिन्यात काडी घेतात आणि कुठल्या फांदीची घेतात, हेही विचारून लिहून घ्या. तुमच्या प्रबंधातलं पहिलं गृहीतक कदाचित त्याच उत्तरात मिळेल.